दिनविशेष : १५ जानेवारी
२०२० : तुर्कस्तानात विकिपीडिया पुन्हा खुला

सुमारे पावणेतीन वर्षांच्या बंदीनंतर तुर्कस्तान सरकारने आजच्या दिवशी विकिपीडियावरील निर्बंध उठवले. सीरियातील यादवी आणि दहशतवादाला मिळणारा सरकारी आश्रय या विषयांच्या लेखांत तुर्कस्तानचा उल्लेख आला होता. तो काढण्यास नकार मिळताच २९ एप्रिल २०१७ रोजी सर्व भाषांतील विकिपीडिया बंद करण्यात आला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने न्यायालयात दाद मागितली. २६ डिसेंबर २०१९ रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने १० विरुद्ध ६ मतांनी ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली. निकालाची प्रत प्रसिद्ध होताच संकेतस्थळ सुरू झाले. योगायोगाने १५ जानेवारीचा तो दिवस विकिपीडियाचा १९वा वर्धापनदिन होता.