पाण्याचा काठ

भगिनींनो, पाणी भरणे, धुणे धुणे आणि पोरांना काठापासून हाकलणे ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची कामे. गडकोटांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. काठाचे नियम कसे झाले हे मात्र कोणी लिहीत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. वाचले, ऐकले, पाहिले ते जुळवून चार ओळी लिहिते.

आपल्या भागातले सर्वांत जुने राखलेले पाणी डोंगरात आहे. जुन्नरच्या लेण्यांजवळ सुमारे २००० वर्षांपूर्वी खडकात टाकी कोरली. त्या काळी त्यांना पोढी म्हणत. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दान दिल्याचा लेख तेथे आहे. कुठला कोण मनुष्य, पण पाण्याचे पुण्य येथे जोडून गेला! नाणेघाटातही वाटसरूंसाठी अशी टाकी आहेत. पोढीचे तोंड लहान, पोट मोठे. ऊन लागत नाही, पाचोळा पडत नाही, आणि मला वाटते, मूलही सहजासहजी आत जात नाही.

पुढे आड आले, विहिरी आल्या, बारवा आल्या. आड अरुंद, पाणी वरूनच शेंदायचे. बारवेला पायऱ्या, म्हणून ती बायकांना सोयीची वाटे. खाली उतरून घागर बुडवली की झाले. पण त्या पायऱ्यांनीच नारू घरात आणला. ज्याला नारू झाला तो पाण्यात उतरला की जखमेतून नारूची पिले पाण्यात सुटत. ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटी जात, आणि ते पाणी जो पिई, त्याच्या अंगातून सुमारे वर्षाने दोन हात लांबीचा दोरा बाहेर येई. आपला महाराष्ट्रही या रोगाने गांजलेला होता. सरकारने १९८३-८४ पासून मोहीम धरली. उपाय साधेच होते. पायऱ्यांची वाट बंद करा, कठडा बांधा, पाण्यात पाय घालू देऊ नका, पाणी दुहेरी फडक्याने गाळा. गाळण्याचे काम अर्थातच बायकांनी केले. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. काठाच्या नियमाने एवढा मोठा रोग गेला, हे आपल्या सुनांना आज सांगूनही खरे वाटत नाही.

पोहण्याची गोष्ट निराळी. मुलगा जरा मोठा झाला की पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून बाप-चुलते त्याला विहिरीत सोडीत. मुलीला कोणी सोडले नाही. जी दिवसातून चार वेळा काठावर वाकते, तिलाच पोहता येऊ नये, ही रीत कोणी पाडली असेल?

मग धरणे झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावचे डिंभे. जुने आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. कालव्याला आवर्तन सुटले की उसाला, द्राक्षाला पाणी मिळते; पण ज्या कोरड्या कालव्यात पोरे खेळत होती तोच भरून वाहू लागतो.

बोअरची कथा सर्वांना ठाऊक आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत आंबेगावातल्या थोरांदळे गावी ६ वर्षांचा मुलगा बोअरच्या उघड्या भोकात पडला. नशीब, वरच्याच भागात अडकला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी बाजूने खोदून सुमारे १६ तासांनी त्याला जिवंत काढले. सर्वोच्च न्यायालयाने याबाबत नियम घालून दिले होते ते २०१० सालीच! बोअर घेण्याआधी १५ दिवस लेखी कळवावे, भोवती काटेरी तारेचे कुंपण घालावे, तोंडाला घट्ट झाकण बसवावे, पाणी न लागलेले भोक माती-दगडांनी तळापासून भरावे. नियम कागदावर ९ वर्षे होता आणि भोक उघडे होते. झाकणाला असा किती खर्च येतो?

आता शेततळी. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाली आणि दोन्ही तालुक्यांत तळी वाढली. पाणी झिरपू नये म्हणून पुष्कळ तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरतात. तो ओला झाला की शेवाळाहून निसरडा. विहिरीत निदान दगडाची खाच हाती लागते, येथे पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. वाचवायला गेलेला दुसराही आतच राहतो. फ्रान्समध्ये घरच्या पोहण्याच्या हौदांसाठी २००३ साली कायदा झाला. कुंपण, आच्छादन, छप्पर किंवा धोक्याची घंटा, यांतले एक तरी हवेच. तेथे हौद हौसेचे, आपली तळी पोटाची. म्हणून आपल्याकडे कुंपण राहून जाते. सोसायटीच्या हौदावर खोलीचा आकडा भिंतीवर लिहितात, शेततळ्यावर तोही नसतो.

काही शेतकरी मात्र तळ्याच्या चारी बाजूंना खुंट ठोकून जाड दोर पाण्यापर्यंत सोडतात आणि त्याला हाताहातावर गाठी मारतात. गाडीची हवा भरलेली जुनी ट्यूबही दोरीला बांधून ठेवतात. बुडणाऱ्याकडे उडी न घेता हा दोर, ट्यूब किंवा काही नसेल तर अंगावरची साडी सोडून तिचे टोक फेकावे. फेकणाऱ्या बाईने आधी जमिनीवर पालथे निजावे, म्हणजे ती ओढली जात नाही.