बिनविरोधाला बक्षीस कशाचे?

ग्रामपंचायतीच्या निवडणुका जाहीर झाल्या की हमखास एक आवाहन होते: गाव बिनविरोध करा आणि विकासनिधी घ्या. काही आमदार तशी रक्कमच जाहीर करतात. गुजरातने तर 2001 मध्ये ‘समरस ग्राम’ योजना आणून हे सरकारी धोरण केले. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. निवडणुकीने भावकी फुटते, दोन पॅनेलचे लोक पुढची पाच वर्षे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, हरलेला कर्जात बुडतो आणि जिंकलेला झालेला खर्च कामांतून वसूल करतो. शिवाय हिवरे बाजारचा दाखला असतोच: तीस वर्षे मतदान नाही आणि गाव देशभर नावाजलेले.

तरीही हे मत मला मान्य नाही. माघारीची मुदत संपताना जागांइतकेच अर्ज उरले की निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवारांना विजयी घोषित करतो. बाकीच्यांनी अर्ज मागे का घेतले, कोणी घ्यायला लावले, हे कुठल्याच कागदावर येत नाही. गाव एक झाले म्हणून माघार घेतली गेली की धाकाने, याचा निवाडा कायदा करत नाही. मग बक्षीस नेमके कशाचे देतो आपण?

बिनविरोधाचा निर्णय बहुधा देवळातल्या बैठकीत होतो. तिथे ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे, तोच समोर बसलेला असतो. भूमिहीन मजूर त्याच्यादेखत ‘मला तुमचा माणूस नको’ असे म्हणू शकत नाही. त्याची बायको तर त्या बैठकीत नसतेच. या दोघांच्या हाती एकच साधन आहे, गुप्त मतदान. आडोशामागे कोणते बटण दाबले हे मालकाला कळत नाही. 2013 पासून सगळ्यांना नाकारण्याचा पर्यायही तिथे आहे. बिनविरोध गावात तो आडोसाच उभा राहत नाही. सर्वसंमतीच्या नावाखाली नकार द्यायची एकमेव सुरक्षित जागा आपण काढून घेतो. या प्रश्नावर मला सर्वांत जास्त हेच खुपते.

जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांच्या निवडणुका रद्द केल्या. पदांचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोली 2 कोटी 5 लाखांवर गेली, खोंडामळीत 42 लाखांवर. पैसा देवळाच्या कामाला जाणार, असे समर्थन झाले. लिलावाच्या चित्रफिती बाहेर आल्या नसत्या, तर सरकारी कागदावर हीसुद्धा सलोख्याचीच उदाहरणे ठरली असती.

तामिळनाडूतला इतिहास याहून कठोर आहे. मदुराई जिल्ह्यातील पापापट्टी, कीरीपट्टी आणि नाट्टारमंगलम येथील अध्यक्षपदे दलितांसाठी राखीव झाल्यावर 1996 ते 2006 या काळात तिथे धड निवडणूक होऊ दिली गेली नाही. कधी अर्जच आला नाही, कधी निवडून आलेल्याने लगेच राजीनामा दिला. त्याच जिल्ह्यातल्या मेलवळवूत मुरुगेसन यांनी उभे राहण्याचे धाडस केले, ते निवडून आले आणि जून 1997 मध्ये त्यांची व त्यांच्या सोबत्यांची हत्या झाली. या गावांतल्या न आलेल्या अर्जांना एकमत कोण म्हणेल?

आता हिवरे बाजार. 2021 मध्ये तिथे तीन दशकांनी मतदान झाले आणि गावाचे दीर्घकाळचे नेते पोपटराव पवार यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. म्हणजे मतदानाने त्या गावाचे काही बिघडले नाही. उलट इतकी वर्षे गृहीत धरलेला लोकांचा विश्वास प्रथमच मोजून सिद्ध झाला. जिथे काम खरे आहे, तिथे विरोधी अर्जाची भीती का बाळगावी?

राहिला खर्च. तो खरा आहे, पण त्याचे मूळ जेवणावळी आणि पाकिटांत आहे, उमेदवारीत नाही. ग्रामपंचायत सदस्यपदाची अनामत सर्वसाधारण उमेदवाराला 500 रुपये, राखीव प्रवर्गाला 100 रुपये. हरणार हे ठाऊक असूनही जी बाई एवढे पैसे भरून उभी राहते आणि पाण्याच्या टाकीच्या कामाचा हिशेब चार वाड्यांवर विचारते, तिच्यामुळे जिंकणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते. तिच्या अर्जावर सूचक म्हणून सही करायला कोणी धजत नसेल, तर आमदारांनी आपले वजन तिथे खर्च करावे. आणि निधी द्यायचाच असेल, तर ज्या गावात ग्रामसभा नेमाने भरते, तिला बायका येतात आणि जमाखर्च मोठ्याने वाचला जातो, त्या गावाला द्यावा, तिथे निवडणूक कितीही चुरशीची झालेली असो.