ओरिजिनल जावा

घर बदलायचे ठरले की संसारातल्या वस्तूंची दोन गटांत फाळणी होते. न्यायच्या वस्तू, आणि 'हे कुणी आणलं होतं?' असे विचारायच्या वस्तू. आमचा वाडा पुनर्विकासाला गेला तेव्हा मात्र तिसरा एक गट निघाला आणि त्यात एकच वस्तू होती. अण्णांची, म्हणजे आमच्या तीर्थरूपांची, १९६६ सालची जावा मोटारसायकल. नव्या जागेत दर बिऱ्हाडाला एका दुचाकीपुरती जागा होती, आणि तिथे सौभाग्यवतीची स्कूटर तिच्या मनात केव्हाच उभी राहिली होती. अण्णा गेल्यापासून जावा जिन्याखाली पडून होती. आहे तशी विकली तर भंगार, चालू करून विकली तर 'व्हिंटेज'! तेव्हा तिला आधी माणसांत आणायचे ठरले.

नाना पेठेतल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी हातगाडीवरून नेली, त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी टाकीवर टिचकी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "ओरिजिनल है क्या?"

पुढे तीन महिने हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला. २०२१ साली सरकारनेही त्यात भर घातली. पन्नास वर्षांवरचे वाहन मूळ स्वरूपात असेल तरच ते व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, असा नियम निघाला. आता जावाच्या बाबतीत 'मूळ' शोधायला जाणे म्हणजे एखाद्या पुणेकराला मूळ गाव विचारण्यासारखे आहे. तो सदाशिव पेठ सांगतो, पण खणत गेलात तर थेट कोकणात निघता.

लहानपणी मी जावा बेटातून आलेली गाडी समजत असे. प्रत्यक्षात प्रागमध्ये फ्रांतिशेक यानेचेक नावाचे शस्त्रांचे कारखानदार होते. बंदुकांची मागणी घटली, तेव्हा त्यांनी वॉन्डरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा आणि हक्क विकत घेतले आणि १९२९ साली पहिली गाडी काढली. यानेचेकमधला 'या' आणि वॉन्डररमधला 'वा'. लग्नानंतर बायका दोन आडनावे लावतात, तसलाच प्रकार. तिकडे ती 'यावा'. आपण तिचा 'जावा' केला आणि 'जावा, पण लवकर परत या' ही कोटी करायला तीन पिढ्या मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला. तिथल्या कारागिरांनी त्यांच्या नाकाखाली चोरून नवी २५० सीसीची गाडी तयार केली आणि युद्ध संपल्यावर, १९४६ साली, जगापुढे आणली. आमच्या गाडीचे घराणे ते. मुंबईचे इराणी या गाड्या आयात करीत. आयातीवर बंधने आली, तेव्हा त्यांनी १९६० साली म्हैसूरला कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी गाड्या बाहेर पडू लागल्या. महाराज जयचामराजेंद्र वाडियार तेव्हा म्हैसूर राज्याचे राज्यपाल होते. राज्य गेलेल्या राजाने निदान एक कारखाना तरी येऊ दिला, हे मला फार आवडते. १९७३ पासून गाडीवर 'येझ्दी' हे नाव आले. येझ्द हे इराणातले झरथुष्ट्री लोकांचे जुने शहर. गंमत म्हणजे चेक भाषेत 'येझ्दी' म्हणजे 'चालते'! १९९६ साली मात्र ती चालायची थांबली. कारखान्याला कुलूप लागले.

म्हणजे जर्मन कागद, चेक हात, पारशी भांडवल, कानडी कामगार आणि पुणेरी मालक. यातले ओरिजिनल काय दाखवू?

चाचांनी गाडी उघडली तेव्हा उत्तर आणखी अवघड झाले. जावाला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. दोन्हींत काजळीचा थर असा, की कॉस्टिकच्या पाण्यात भिजत घालावे लागले. सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर, पण दर वेळी घासून मोठा पिस्टन बसवता बसवता अण्णांनी तो वाढवत नेला होता. टाकीवरचा क्रोम गेला होता. आधी तांबे, मग निकेल, मग क्रोम, असा मुलामा पुन्हा चढवला. मरून रंगावर सोनेरी रेघ मात्र एका म्हाताऱ्या पेंटरने हातानेच ओढली. चाचा म्हणाले, "मशीनसे सीधी आएगी, असली नहीं लगेगी." एक आरसा आणि हेडलाइटची रिंग मी रविवारी जुन्या बाजारातून आणली. कुणाच्या तरी दुसऱ्या अण्णांची असणार.

या सगळ्याचा हिशेब लागला तो अण्णांच्या वहीमुळे. पहिल्या दिवसापासूनचे पेट्रोल, ऑइल, दुरुस्ती, सगळे त्यात. १९६९ सालच्या एका पानावर आहे: 'सौ.ला दवाखान्यात पोचवले. मुलगा झाला. प्लग साफ केला.' तो मुलगा म्हणजे मी. प्लगच्या आधी माझा नंबर लागला, हेच पुष्कळ.

गिऱ्हाईक आले. तिशीचा, आयटीतला, भला मुलगा. "काका, सगळं ओरिजिनल आहे ना?" मी काय काय बदलले ती यादीच हातात दिली. त्याने ती वाचली, मग वही चाळली आणि म्हणाला, "काका, ही वही गाडीबरोबर द्याल? वाटल्यास दहा हजार जास्त देतो."

मी आईकडे पाहिले. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी ती निवडलेली मेथी बाजूला ठेवून उठली आणि वही त्याच्या हातातून काढून घेतली.

"गाडी ने बाळा. ही माझी आहे."

"आजी, पण यात तर गाडीचीच..."

"मग? मी मागे बसलेली होते ना!"

झेरॉक्सवर तडजोड झाली. मग मी त्याला शिकवले. डाव्या पायाशी एकच दांडा. तो आत दाबून वर फिरवायचा, की किक. गाडी सुरू झाली की तोच पुढे वळवायचा, की गिअर. पोराने चार वेळा गिअरलाच लाथ मारली. पाचव्या लाथेला दोन्ही सायलेन्सर बोलले, वाड्यात निळसर धूर झाला आणि गाडी बोळातून बाहेर पडली.

आई ओट्यावर उभी राहून ऐकत होती. बोळ संपला तरी आवाज येत होता.

"अजून दुसऱ्यातच आहे," ती म्हणाली. "तिसरा टाक म्हणावं त्याला."