साल्पेत्रिएर, मे १८७९

तुम्ही पॅरिसमध्ये आहात, साल्पेत्रिएर रुग्णालयाच्या शवविच्छेदनाच्या खोलीत. टेबलावर पंधरा वर्षांची मुलगी आहे. ७ मे रोजी ती गेली. तान्हेपणापासून तिला झटके येत. चालणं-बोलणं तिला कधी जमलंच नाही. शेवटी शेवटी तर एक झटका ओसरतो न ओसरतो तोच दुसरा येई. ब्रोमाइड दिलं, सिंकोनाची साल दिली, कानांमागे जळवा लावल्या. तिच्या नाकावर, गालांवर, कपाळावर दाटीनं पुटकुळ्या आहेत. त्या नीट पाहून ठेवा.

डॉ. बूर्नव्हिल मेंदू तपासू लागतात. तुम्हीही बोट टेकवा. अवयव फॉर्मालिनमध्ये ठेवायची पद्धत अजून आलेली नाही. ताजा मेंदू लिबलिबीत लागतो. बोट वळ्यांवरून सरकतं आणि एके ठिकाणी अडतं. इथली वळी फुगलेली, पांढुरकी, टणक. थोडं पुढे तशीच आणखी एक. मेंदू कापल्यावर आतल्या पोकळ्यांच्या भिंतींवरही बारीक गाठी उठलेल्या दिसतात.

मग मूत्रपिंडं. दोन्हींत कठीण गाठी, एक तर अक्रोडाएवढी. बूर्नव्हिल त्यांचीही नोंद करतात, पण मेंदूशी त्यांचं नातं जोडत नाहीत. तुम्हाला राहवत नाही. डॉक्टर, चेहरा, मेंदू, मूत्रपिंड, हा सगळा एकच आजार आहे! पण हे पटवणार कशाच्या जोरावर? झटके, खुंटलेली बौद्धिक वाढ आणि चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या यांची सांगड हाइनरिश फोग्ट घालतील ती १९०८ मध्ये. टीएससी२ हे जनुक सापडेल १९९३ मध्ये, टीएससी१ १९९७ मध्ये. या दोहोंपैकी एक जरी बिघडलं, तरी पेशींच्या वाढीवरचा लगाम सुटतो, मग ती पेशी मेंदूतली असो की मूत्रपिंडातली.

तरी या टेबलापाशी जे कळलं ते थोडं नाही. ज्या मुलीला स्वतःचं दुखणं कधी सांगता आलं नाही, तिचा मेंदू कुणीतरी इतक्या निगुतीनं पाहिला. १८८० मध्ये बूर्नव्हिल हा आजार ट्यूबरस स्क्लेरॉसिस या नावानं छापतात आणि ठामपणे म्हणतात की झटक्यांचं मूळ या गाठींतच आहे. आज ज्यांचे झटके औषधांना दाद देत नाहीत, अशा काही मुलांच्या मेंदूत नेमकी कोणती गाठ झटके उठवते हे शोधून शल्यचिकित्सक तेवढीच काढतात, आणि त्यातल्या कित्येकांचे झटके थांबतात.