पशुवैद्यकीय तंत्रज्ञ : सामुदायिक महाविद्यालयीन शिक्षण

पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आजारी जनावरांची शुश्रूषा, प्रयोगशाळेतील तपासण्या आणि भूल व शस्त्रक्रियेतील साहाय्य ही कामे करणारा प्रशिक्षित कर्मचारी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे शिक्षण मुख्यतः सामुदायिक महाविद्यालयांतील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून मिळते. तो पुरा केल्यावर ‘असोसिएट’ पदवी दिली जाते. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास ‘टेक्नॉलॉजिस्ट’ म्हणतात. राष्ट्रीय परीक्षा मात्र दोघांना एकच. रोगनिदान करणे, आजाराचे पूर्वानुमान सांगणे, औषध लिहून देणे व शस्त्रक्रिया करणे या चार गोष्टी तंत्रज्ञाला वर्ज्य आहेत. अभ्यासक्रमाची आखणी या चार निषेधांच्या अलीकडे उरलेल्या क्षेत्रात झाली आहे. बाहेरून वाटते त्यापेक्षा ते क्षेत्र बरेच विस्तृत आहे.

इतिहास : असा पहिला अभ्यासक्रम १९६१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डेल्हाय या गावी, राज्य विद्यापीठाच्या तंत्र महाविद्यालयात सुरू झाला. (गावाचे नाव आपल्या दिल्लीवरूनच पडले आहे.) तेथील डॉ. वॉल्टर कॉलिन्स यांचे नाव या शाखेच्या उभारणीशी जोडले जाते. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने १९७२ मध्ये अधिस्वीकृतीची व्यवस्था लावली. मिशिगन राज्य विद्यापीठ आणि नेब्रास्कातील कर्टिस येथील तंत्रशाळा यांचे अभ्यासक्रम सर्वांत आधी मान्य झाले. त्या काळी ‘प्राणी तंत्रज्ञ’ हीच संज्ञा वापरात होती. ‘पशुवैद्यकीय’ हे विशेषण पदवीधर डॉक्टरांपुरते राखून ठेवावे, असा संघटनेचा आग्रह होता. तो १९८९ मध्ये सुटला. तंत्रज्ञांची स्वतःची संघटना १९८१ पासून आहे.

प्रवेश व संस्था : सामुदायिक महाविद्यालयांचे दार सर्वसाधारणपणे सर्वांना खुले असते, पण या शाखेला तो नियम पुरता लागू पडत नाही. जनावरे, उपकरणे व शिक्षक यांच्या मर्यादेमुळे जागा मोजक्या असतात आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय आधी उत्तीर्ण व्हावे लागतात. इलिनॉयमधील जोलिएट महाविद्यालय (स्थापना १९०१) हे देशातील सर्वांत जुने सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालय. तेथेही हा अभ्यासक्रम आहे. लॉस एंजेलिसच्या पिअर्स महाविद्यालयाची सुरुवात १९४७ मध्ये शेतकी शाळा म्हणून झाली व शहर चहूबाजूंनी वाढूनही आवारातील शेत टिकले, त्यामुळे गाई-घोडे हाताळण्याचा सराव तेथेच होतो. न्यू मेक्सिकोतील सॅन वान महाविद्यालय हे शिक्षण दूरस्थ पद्धतीने देते. असा विद्यार्थी आपल्या गावच्या पशुवैद्यकाकडे प्रत्यक्ष कामे करून दाखवतो व त्यांची ध्वनिचित्रफीत पाठवतो.

अभ्यासक्रम : शरीररचना, औषधशास्त्र, मात्रांचे गणित, परजीवीशास्त्र, भूल, दंतस्वच्छता, प्रयोगशाळेतील प्राण्यांची देखभाल. पुस्तकी गुणांपेक्षा अधिस्वीकृती समितीने ठरवलेली अत्यावश्यक कौशल्यांची यादी निर्णायक असते. तीतील प्रत्येक काम विद्यार्थ्याने शिक्षकासमोर करून दाखवायचे व शिक्षकाने सही करायची. कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या व मानेच्या शिरेतून रक्त काढणे, श्वासनलिकेत नळी घालणे, बँडेज बांधणे, घोड्याला मोहरकी चढवणे अशी ही कामे आहेत. आधी प्रतिकृतींवर सराव होतो, मग जिवंत जनावरांवर. पुष्कळ महाविद्यालये निवारागृहांतील कुत्री-मांजरे आणतात. त्यांची नसबंदी व लसीकरण याच वर्गांत होते आणि ती दत्तक जातात. शिक्षणासाठी जनावरे वापरण्यावर संस्थेतील प्राणी-निगा समितीचे नियंत्रण असते. विद्यार्थ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी, अशी अट अनेक ठिकाणी आहे. शेवटी दवाखान्यात प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते.

प्रयोगशाळा-शिक्षण : या शिक्षणाचा खरा कणा हाच, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे, सूक्ष्मदर्शकाशी त्याचा आलेला संबंध हेही त्याचे एक कारण असेल. रक्ताचा थेंब दुसऱ्या काचपट्टीने तिरका ओढून पातळ थर, म्हणजे स्मिअर, करणे दिसायला सोपे, पण हात बसायला वेळ लागतो. थर जाड झाला की पेशी एकमेकींवर चढतात व रंगवूनही काही वाचता येत नाही. तीन पात्रांत आळीपाळीने बुडवून काच रंगवली, की विद्यार्थी शंभर पांढऱ्या पेशी प्रकारवार मोजतो. स्वयंचलित यंत्रे जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात असताना हे कशासाठी, असा प्रश्न वर्गात हमखास निघतो. त्याचे उत्तर मांजराच्या रक्तात सापडते. मांजराच्या बिंबिका (प्लेटलेट) रक्त काढतानाच चिकटून त्यांचे पुंजके होतात, यंत्राला ते नीट मोजता येत नाहीत आणि ते घाबरवणारा कमी आकडा छापते. थराच्या विरळ कडेला पुंजके दिसले की त्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. पक्षी व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, म्हणून तेथेही यंत्र फसते. लामा व अल्पाका हे उंटाच्या कुळातले प्राणी. त्यांच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात, व नवशिक्याला तो रोग वाटतो.

विष्ठेच्या तपासणीत अंडी तरंगवण्यासाठी झिंक सल्फेटचे द्रावण (विशिष्ट गुरुत्व १.१८) किंवा त्याहून जड साखरेचे द्रावण वापरतात. साखरेच्या द्रावणात जिआर्डियाची कोष्ठे चेपतात व ओळखू येत नाहीत. उलट चाबूककृमीची अंडी जड असल्याने अपकेंद्रित्रात फिरवल्याखेरीज बरीचशी निसटतात. दक्षिणेकडील राज्यांत डासांमुळे पसरणाऱ्या हृदयकृमीचा प्रादुर्भाव मोठा आहे. त्याची पिले आणि पिसवांमार्फत येणाऱ्या दुसऱ्या, निरुपद्रवी कृमीची पिले सूक्ष्मदर्शकाखाली फार सारखी दिसतात. त्यांतला फरक ओळखण्यासाठी नॉट यांची चाचणी शिकवली जाते.

निषेधांची रेषा नेमकी कुठून जाते, ते याच टेबलावर उमगते. तांबड्या पेशी लहान, गोल असून मधला फिकटपणा दिसत नाही, हे तंत्रज्ञ नोंदवतो. कुत्र्याचे शरीर स्वतःच्याच पेशी नष्ट करीत आहे, हे मात्र पशुवैद्याने म्हणायचे. दिसले ते लिहायचे, त्याचा अर्थ लिहायचा नाही. मालकाने फोनवर ‘बरा होईल ना?’ असे विचारले, तरी हीच शिस्त पाळावी लागते, व ती काचपट्टीपेक्षा अवघड असते.

भूल : जनावर बेशुद्ध असेपर्यंत नाडी, रक्तदाब, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड व तापमान यांवर सतत लक्ष ठेवून ठरावीक अंतराने नोंद करणे हे तंत्रज्ञाचे काम. लहान जनावरांचे शरीर झपाट्याने थंड पडते, म्हणून उबेची सोय आधी करतात.

क्ष-किरण : चित्रण व किरणोत्सारापासून संरक्षण शिकवले जाते.

परीक्षा व परवाना : राष्ट्रीय परीक्षा संगणकावर होते. तीन तासांत १७० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी १५० चेच गुण धरतात व बाकीचे चाचणीपुरते असतात. २०११ पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या पदवीधरांनाच या परीक्षेला बसता येते, काही राज्यांचे पर्यायी मार्ग वगळता. परवाना राज्य देते, त्यामुळे एकाच पात्रतेला कोठे ‘प्रमाणित’, कोठे ‘नोंदणीकृत’, तर कोठे ‘परवानाधारक’ तंत्रज्ञ म्हणतात. पुढे भूल, दंतशास्त्र, आपत्कालीन शुश्रूषा इत्यादींत विशेषज्ञता मिळवता येते.

वेतन व वाद : संघराज्याच्या श्रम सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये या व्यवसायाचे मध्यक वार्षिक वेतन ४३,७४० डॉलर होते. व्यवसाय सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण जास्त असल्याचे सांगितले जाते. त्याचा दोष वेतनाला द्यायचा, मानसिक ताणाला, की शिकलेल्या हातांना मांजरे धरण्याचेच काम देणाऱ्या दवाखान्यांना, याबाबत मतभेद आहेत. ‘पशुवैद्यकीय परिचारिका’ असे एकच नाव देशभर असावे, ही मोहीम २०१७ मध्ये निघाली. मानवी परिचारिकांच्या संघटनांकडून तिला विरोध झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी तंत्रज्ञ व पशुवैद्य यांच्या मधला नवा दर्जा मंजूर केला. पशुवैद्यांच्या संघटनांचा त्याला विरोध होता.

भारत : असे नेमके समकक्ष पद नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पदविका वा प्रमाणपत्रधारकांना नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते. महाराष्ट्रातील पशुधन पर्यवेक्षक याच तरतुदीखाली काम करतात. ‘किरकोळ’ म्हणजे किती, हा त्यांच्यातील व पदवीधर पशुवैद्यांतील जुना वाद आहे.