माणकाच्या रंगाची परीक्षा

माणिक हे कुरुविंद या खनिजाचे तांबडे रत्नरूप होय. माणकाचे मोल ठरवताना निर्मळपणा व पैलू यांच्यापेक्षा रंगाला अधिक महत्त्व दिले जाते. रंगाची ही परीक्षा आजही मुख्यतः डोळ्यांनीच केली जाते. तिची पारंपरिक परिभाषा फुले, फळे, पक्षी व रक्त यांच्या उपमांतून घडली आहे. उपमा रंग सुचवते, मोजत नाही. त्यामुळे एकच संज्ञा निरनिराळ्या बाजारांत वेगवेगळ्या छटांना लावली गेली. ‘कबूतराचे रक्त’ या संज्ञेमुळे रत्नाची किंमत वाढते, म्हणून तिच्या व्याख्येला व्यापारी महत्त्व आहे.

रंगाचे कारण

कुरुविंद म्हणजे स्फटिकरूप अॅल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध स्थितीत ते रंगहीन असते. त्यातील अॅल्युमिनियमच्या काही अणूंची जागा क्रोमियमने घेतली की ते तांबडे दिसते. क्रोमियम प्रकाशातील जांभळा आणि हिरवा-पिवळा भाग शोषून घेते. तांबडा भाग आणि थोडा निळा भाग आरपार जातो. म्हणूनच अनेक माणकांत जांभळट झाक आढळते.

क्रोमियम शोषलेल्या ऊर्जेचा काही अंश तांबड्या प्रकाशाच्या रूपाने परत बाहेर टाकते. या गुणधर्मास अनुस्फुरण म्हणतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळेही ते घडते आणि रत्न आतून पेटल्यासारखे दिसते. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये तयार केलेल्या पहिल्या लेसरमध्ये कृत्रिम माणकाचा हाच गुणधर्म वापरला होता. खनिजात लोह अधिक असेल, तर अनुस्फुरण मंदावते व रंग काळपट होतो. म्यानमारमधील मोगोक येथील माणके संगमरवरात तयार झालेली असून त्यांत लोह अत्यल्प असते. थायलंड-कंबोडिया सीमेवरील माणके बेसॉल्ट खडकाशी निगडित असून त्यांत लोह जास्त असते. दोहोंच्या रंगातील फरकाचे हे प्रमुख कारण आहे.

रंगाचे घटक

आधुनिक रत्नशास्त्रात रंगाचे तीन घटक वेगळे पाहिले जातात.

छटा: मूळ तांबड्यात जांभळ्या, गुलाबी किंवा नारिंगी रंगाची झाक किती आहे.

गडदपणा: रंग फिका आहे की काळोखा. फार फिका खडा गुलाबी ठरतो, तर फार गडद खड्यातील तांबडेपणा झाकोळतो.

तीव्रता: रंग किती भरदार आहे, त्यात करडेपणा वा तपकिरीपणा मिसळला आहे का. उत्तम माणकाची ओळख मुख्यतः या घटकावरून होते.

प्राचीन भारतीय संज्ञा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सौगंधिक, पद्मराग, अनवद्यराग, पारिजातपुष्पक आणि बालसूर्यक अशी तांबड्या मण्यांची नावे येतात. कमळ, पारिजात, उगवता सूर्य ही त्यांतील उपमाने उघड आहेत. मण्यांचे गुण सांगताना तेथे ‘तीव्रराग’ व ‘अंतर्गतप्रभ’, तर दोष सांगताना मंद राग व मंद प्रभा यांचा उल्लेख आहे. राग म्हणजे रंग आणि प्रभा म्हणजे तेज. रंगाचा भरदारपणा आणि रत्नाच्या आतील तेज या दोन वेगळ्या बाबी आहेत, ही जाण त्यातून दिसते.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पद्मरागाची उत्पत्ती सौगंधिक, कुरुविंद आणि स्फटिक यांपासून सांगितली असून प्रत्येकाचा रंग वेगळा वर्णिला आहे. सौगंधिकापासून झालेल्या रत्नांना भुंगा, काजळ, कमळ व जांभळाचा रस यांची उपमा दिली आहे. कुरुविंदापासून झालेली रत्ने मंद तेजाची म्हटली आहेत. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत जास्वंद, पळस, दुपारी (बंधुजीव), गुंज, डाळिंबाचा दाणा, शेंदूर आणि लाखेचा रस ही उपमाने आढळतात. चकोर, कोकीळ व सारस यांच्या डोळ्यांशीही तुलना केलेली आहे. यांतील गुंज नारिंगीकडे, तर लाखेचा रस किरमिजीकडे झुकतो. म्हणजे या उपमांच्या यादीत छटांची मोठी श्रेणी सामावलेली आहे.

अरबी व ब्रह्मी संज्ञा

अकराव्या शतकात अल्-बेरुनीने आपल्या रत्नविषयक ग्रंथात ‘रुम्मानी’ (डाळिंबी), ‘बहरमानी’ (करडईच्या फुलासारखा), ‘वर्दी’ (गुलाबी) आणि ‘लहमी’ (मांसासारखा) अशा प्रकारांची नोंद केली आहे.

आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या संज्ञा मोगोकच्या व्यापारातून आल्या. ब्रह्मी भाषेतील ‘खो-थ्वे’ म्हणजे कबूतराचे रक्त. ही सर्वोच्च प्रत असून तिने भरदार, तेजस्वी तांबडा रंग दर्शवला जातो. तिच्याखालोखाल ‘योन-थ्वे’ म्हणजे सशाचे रक्त, हा किंचित गडद रंग येतो. ‘बो-चाइक’ म्हणजे साहेबाच्या पसंतीचा, हा गडद गुलाबी. फिक्या गुलाबी खड्यांना बांगडीत जडवण्याजोगे म्हणत. अतिगडद खड्यांच्या प्रतीचे नाव ‘भारतीयाला रडवणारी’ अशा अर्थाचे आहे. गडद माणके भारतीय बाजारात खपत, पण हा खडा पाहून भारतीय व्यापाऱ्यालाही रडू येईल, असा त्यातील टोमणा असल्याचे सांगतात.

परीक्षेची रीत

माणिक पिवळ्या दिव्याखाली अधिक तांबडे व आकर्षक दिसते. थंड पांढऱ्या प्रकाशात त्याचा जांभळटपणा किंवा काळपटपणा उघड होतो. म्हणून तेच रत्न दिवसाच्या विखुरलेल्या प्रकाशात आणि दिव्याखाली असे दोन्हीकडे पाहतात. पार्श्वभूमी पांढरी किंवा करडी ठेवली जाते, कारण पिवळा कागद वा सोन्याचे कोंदण रंगाचा आभास बदलते. नमुन्यादाखल ठेवलेल्या खड्यांशी तुलना केल्यास केवळ स्मरणावर विसंबावे लागत नाही.

माणिक द्विवर्णी असते. एका दिशेने ते जांभळट तांबडे, तर दुसऱ्या दिशेने नारिंगी तांबडे दिसते. त्यामुळे खडा कोणत्या दिशेने कापला आहे, यावर समोरून दिसणारा रंग अवलंबून असतो. तळ उथळ असल्यास मधोमध रंग विरळ दिसतो व खड्यातून पलीकडचे दिसते. तळ फार खोल असल्यास काळे भाग दिसतात. मोगोकच्या माणकांतील रूटाइलचे अतिसूक्ष्म तंतू प्रकाश विखुरतात. ते मर्यादित प्रमाणात असल्यास रंग अधिक एकसारखा भासतो.

संज्ञेचे प्रमाणीकरण

गुबेलिन व एसएसईएफ या स्वित्झर्लंडमधील दोन प्रयोगशाळांनी २०१५ मध्ये ‘कबूतराचे रक्त’ या संज्ञेचे निकष परस्परांशी जुळवून घेतले. ठरावीक रंगाबरोबरच तीव्र अनुस्फुरण आणि रत्नावर तापन वा भेगा भरण्याची प्रक्रिया झालेली नसणे, या अटी त्यात आहेत. अन्य काही प्रयोगशाळा तापवलेल्या माणकांनाही हीच संज्ञा देतात. संज्ञा मोगोकच्या धाटणीच्या रत्नांपुरती ठेवावी की कोणत्याही खाणीतील रत्नास द्यावी, याबाबतही धोरणे एकसारखी नाहीत. माणिक आणि गुलाबी नील यांच्यातील सीमारेषाही सर्वत्र एक नाही.

मोल आणि उगम यांचे समीकरणही बदलत आहे. म्यानमारचे २५.५९ कॅरटचे ‘सनराइज रूबी’ मे २०१५ मध्ये जिनिव्हा येथील लिलावात सुमारे ३ कोटी डॉलरना विकले गेले. जून २०२३ मध्ये मोझांबिकच्या ५५.२२ कॅरटच्या ‘एस्ट्रेला दे फुरा’ या माणकाला न्यूयॉर्क येथे सुमारे ३.४८ कोटी डॉलर मिळाले.

मर्यादा

रंगावरून रत्नाची जात निश्चित होत नाही. ब्रिटिश राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे वस्तुतः स्पिनेल आहे. स्पिनेलमध्ये द्विवर्णता नसते, हा दोहोंतील ओळखण्याजोगा फरक आहे. पारंपरिक मराठी नथीतील प्रत्येक लाल खडाही माणिक असेलच असे नाही. तापन, शिसेयुक्त काचेने भेगा भरणे आणि कृत्रिम निर्मिती यांमुळेही उत्तम रंग मिळू शकतो, व हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून प्रमाणपत्रावरील रंगाची संज्ञा वाचताना ती कोणत्या प्रयोगशाळेने, कोणत्या व्याख्येनुसार दिली आहे आणि प्रक्रियेबाबत काय नोंद आहे, हे एकत्रितपणे पाहणे आवश्यक ठरते.