पाणी अडविणारा लेप

नाशिक शहरांतून पश्चिमेकडे निघालेला गंगापूर रोड ज्या धरणाच्या दिशेनें जातो, तें गंगापूर धरण मातीचें आहे. अशा धरणाच्या पोटांत चिकणमातीचा गाभा असतो व तोच पाण्याची झिरप रोखतो. पाणी अडविणारी आणि झाडाच्या मुळांनाही मानवणारी माती हा मनुष्याचा अत्यंत जुना व निरुपद्रवी लेप होय. परंतु अधिक घट्ट व अधिक टिकाऊ लेपाचा शोध सतत चालूच राहिला, आणि त्यांतील कांहीं लेपांनीं पाणी अडवितां अडवितां विषही कालविलें.

मोहेंजोदडो येथील महास्नानगृहाच्या भिंतींत, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं, विटांच्या मागें खनिज डांबराचा थर दिलेला आढळला. आपल्याकडे गलबतांचे सांधे राळ व तेल यांनीं बुजवीत, तर वाड्यांतील हौदांना चुन्याची गच्ची करीत. हे लेप बहुधा स्थानिक व परिचित वस्तूंचे असत.

शिशाची गोष्ट मात्र निराळी. हा धातु मऊ, वाकविण्यास सोपा आणि सांधण्यास सोयीचा. म्हणून रोमन लोकांनीं त्याचे नळ केले. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअस यानें, शिशापेक्षां मातीच्या नळांतील पाणी आरोग्यास चांगलें, असें स्पष्ट लिहून ठेविलें. तरीही पुढें शतकानुशतकें शिसें वापरांत राहिलें. नळांचे सांधे अळशीच्या तेलांत कालविलेल्या शेंदरानें बंद करीत. आणि हा शेंदूर म्हणजे शिशाचाच संयुग पदार्थ. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतांना कथिलांत स्वस्त शिसें मिसळण्याची लबाडीही होत असे. भारतांत घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षांत ९० भाग ठरविणारे नियम २०१६ सालीं झाले. व्हिट्रुव्हिअसचा इशारा कायद्यांत उतरण्यास दोन हजार वर्षें लागलीं!

आतां युग प्लॅस्टिकचें आहे. उद्योगास उपयोगी असें पॉलिथिलीन १९३३ सालीं इंग्लंडांत तयार झालें. सिलिकोन बाजारांत आलें तें १९४० नंतरच्या दशकांत. आज जुने कॅन कापून गच्चीवर कोथिंबीर व टोमॅटो लावणाऱ्या गृहस्थानें हा इतिहास ध्यानीं ठेवावा, कारण त्या मुळांचा रस अखेर त्याच्याच घरच्या ताटांत येतो.

पहिला प्रश्न लेपाचा नसून कॅनचा आहे. नाशिकच्या आसपास द्राक्षबागा पुष्कळ. तेथें फवारणीच्या औषधांचे रिकामे कॅन निघतात. असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावे, पुन्हां वापरूं नयेत, असें कीटकनाशक नियम १९७१ सांगतात. ते कितीही धुतले तरी भाजीसाठीं वर्ज्यच.

दुसरी गोष्ट, कुंडीच्या तळाला छिद्र हवेंच. लेपाची गरज असते ती खालीं पाणी सांठविणाऱ्या भांड्याला. पॉलिथिलीनवर सहसा कोणताही चिकट पदार्थ नीट धरत नाहीं. तेथें रबरी वायसर घालून आवळलेला सांधा बरा. इतर कांहीं प्लॅस्टिकवर सिलिकोन चालतें, परंतु बुरशीनाशक मिसळलेलें नव्हे. मत्स्यालयासाठीं म्हणून विकलें जाणारें घ्यावें. ओलें असतां पुष्कळ प्रकारांना शिरक्यासारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, आणि जाड थर असल्यास आणखी कांहीं दिवस, भांडें कोरडें ठेवावें. मग एक दिवस पाणी भरून तें फेंकून द्यावें. कोळशाचें डांबर आणि घरांत उरलेला जुना रंग मात्र भाजीच्या भांड्याला कधींही लावूं नये.

गळती थांबली एवढ्यानें लेपाची परीक्षा संपत नाहीं. त्याला टेकून वाढलेली भाजी मुलाच्या हातांत निःशंकपणें देतां आली, म्हणजेच तो लेप कसोटीस उतरला म्हणावयाचें.